मरंगळीचा गुन्हा काय?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

थोड्या दिवसांपूर्वीं आम्हां पहिली-दुसरीच्या शिक्षकांचा एक वर्ग भरला. तो कोठें भरला व कोणीं भरविला हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोष एका माणसाचा नसून एका जुन्या संवयीचा आहे. वर्गांत सांगण्यांत आलें कीं, लहान मुलांची शब्दसंपत्ति वाढवावयाची असेल तर जुनीं बडबडगीतें उपयोगांत आणा. हें ऐकून मला संतोष झाला. मी नोकरीस लागलों तेव्हां असें कोणी बोलता तर आमच्यांतल्याच कित्येक मास्तरांनीं नाकें मुरडलीं असतीं. पण तो संतोष घटकाभरहि टिकला नाहीं. पाठोपाठ एक छापील कागद आमच्या हातीं पडला. त्यावर तें बोटांचें गाणें होतें. तुमच्या घरच्या आजीनें नातवंडाचा हात हातांत धरून शंभर वेळां म्हटलें असेल, तेंच. करंगळीपासून निघावयाचें, एकेक बोट धरीत तळहातावर यावयाचें, मनगट, कोपर, खांदा करीत हनुवटीपर्यंत चढावयाचें, मग तोंडाला भाताचें भांडें ठरवावयाचें आणि नाकाला वास ओढण्याची नळी, आणि कपाळावरून डोक्यावर पोहोंचून पोराला खदखदां हंसवावयाचें. कागदावरचें गाणें तेंच. पण त्यांत ‘मरंगळी’ या शब्दावर काट मारलेली. तिच्या जागीं ‘अनामिका’, तिच्यापुढें ‘मध्यमा’, तिच्यापुढें ‘तर्जनी’.

मीं उभें राहून विचारलें, साहेब, मरंगळीचा गुन्हा काय? उत्तर मिळालें कीं, असा शब्दच नाहीं. मुलांच्या तोंडीं अर्थहीन व अशुद्ध शब्द घालूं नयेत.

अर्थहीन कोण तें पाहूं या. ‘अनामिका’ या शब्दाचा अर्थ काय? जिला नांव नाहीं ती. पंडितांनीं चार बोटांस नांवें ठेविलीं, पांचव्याशीं येऊन अडले, आणि ‘बिननांवाची’ हेंच तिचें नांव म्हणून ठरवून टाकिलें. आमच्या आजीबाईस तशी अडचण पडली नाहीं. करंगळीला खेटून बसते ती मरंगळी, इतकें तिनें पाहिलें आणि नांव ठेवून मोकळी झाली. जिनें नांव दिलें ती अडाणी, आणि ज्यांनीं बिननांवाची म्हणून सोडून दिली ते विद्वान! माणसांच्या बाबतींतहि पोथ्यांनीं असाच न्याय केलेला आहे. पण तो विषय मोठा आहे, त्यांत आज शिरत नाहीं.

आतां या मरंगळीची विद्या ऐका. करंगळी, मरंगळी हे दोन शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहा. मागचें सारें जसेंच्या तसें राहतें. पुढचा ‘क’ तेवढा जातो आणि त्याच्या जागीं ‘म’ येतो. तीन वर्षांच्या पोराला ‘क’ कोणता आणि ‘म’ कोणता हें कोणीं शिकविलेलें नसतें. पण त्याचा कान तेवढा फरक पकडतो आणि तें हंसतें. कां हंसतें? शब्द म्हणजे अखंड धोंडा नव्हे, त्याचे तुकडे पडतात, एक तुकडा काढून दुसरा बसवितां येतो, हें त्याला त्या क्षणीं उमगलेलें असतें. सुताराचें पोर बापाशेजारीं बसून एका खांचेंत निरनिराळ्या खुंट्या बसवून पाहतें ना, तसाच हा खेळ. आपण मोठीं माणसें बाजारांत ‘चहाबिहा घेऊं’, ‘भाकरीबिकरी खा’ म्हणतों तेंहि हेंच. पुढें मूल पहिलींत बसतें तेव्हां अक्षर म्हणजे काय हें कळावयास याच समजुतीची गरज पडते. आवाज सुटा करतां आला कीं त्याला खूण जोडतां येते. तो सुटा करतां आला नाहीं तर ‘क’ हें नुसतें एक चित्र होतें. आज गिरवावें आणि उद्यां विसरावें.

हें मी पदरचें सांगत नाहीं. इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें ब्रायंट, ब्रॅडली व त्यांचे सोबती यांनीं ६४ मुलें तीन-सव्वातीन वर्षांचीं असल्यापासून सहा वर्षें पुरीं होईपर्यंत लक्ष ठेवून पाहिलीं आणि १९८९ सालीं आपला निष्कर्ष छापला. ज्या मुलांस तिसऱ्या वर्षीं बडबडगीतें अधिक येत होतीं त्यांचा कान पुढें आवाज ओळखण्यांत तरबेज झाला, आणि तींच मुलें वाचनांत पुढें गेलीं. आईबापांची स्थिति व मुलाची बुद्धि या दोन्ही गोष्टी हिशेबांत धरून पाहिल्या तरी हा संबंध तुटला नाहीं. मुलें इंग्रजांचीं होतीं हें खरें. पण कान त्यांनाहि दोनच आणि आमच्यांनाहि दोनच. म्हणजे ज्या शब्दावर त्या कागदानें काट मारली, वाचावयास शिकविणारी किल्ली नेमकी त्यांतच होती. ‘करंगळी, अनामिका’ म्हणून पाहा. ना ताल, ना जोड, ना हंसूं. मूल गप्प बसून पाठ करील आणि आठ दिवसांत विसरेल.

वर्गाहून परत आल्यावर दुसऱ्या दिवशीं मीं माझ्या पहिलींत हाच खेळ मांडला. म्हटलें, करंगळीची झाली मरंगळी, तर टोपलीची काय? ‘मोपली!’ सुपाचें? ‘मूप!’ इरल्याचें? ‘मिरलें!’ पोरें वेडावून गेलीं. मग फळ्यावर ‘म’ काढला आणि विचारलें, हा कोण? ज्या पोरांपुढें चार महिने तो गिरवून घेतला होता त्यांनीं तो त्या दिवशीं प्रथम ओळखला. एका पोरानें ‘मास्तर’ची जोडी विचारली. तेथें सगळीं अडखळलीं, कारण ‘म’ला ‘म’च येतो. तेव्हां एका मुलीनें ‘मास्तर-बिस्तर’ असा निकाल दिला. बिस्तरा गुंडाळण्याची पाळी माझ्यावर न येवो म्हणजे झालें.

पण मूळ दुखणें याहून खोल आहे. अशा वर्गांतून, अहवालांतून, तपासणींतून एक वाक्य पुनःपुन्हां ऐकूं येतें: ग्रामीण मुलांची शब्दसंपत्ति कमी असते. बंधूंनो, या वाक्याची नीट झडती घ्या, कारण तें तुमच्या पोराच्या कपाळीं मारलें जातें. माझ्या वर्गांत एका कुंभाराची मुलगी आहे. मागें एक तपासनीस आले आणि त्यांनीं चित्रांचा तक्ता तिच्यापुढें धरला. रथ, वीणा, शहामृग, दीपस्तंभ. पोर मुकी उभी. त्यांनीं वहींत लिहिलें, शब्दसंपत्ति अपुरी. तिची गणती अप्रगत मुलांत झाली. ‘अप्रगत’ हा आमच्या खात्यांतला शब्द. अर्थ इतकाच कीं मूल मागें आहे आणि दोष त्याचा आहे. तीच पोर घरीं मातीचे प्रकार हातानें चाचपून सांगते. चाक, थापी, आवा, डेरा, रांजण, बोळकें, पणती हीं तिच्या रोजच्या तोंडचीं नांवें. तो तक्ता तिच्या आज्यानें काढला असता आणि तपासनीस साहेबांस समोर उभें केलें असतें, तर शेरा कोणाच्या नांवापुढें पडला असता?

निडीच्या आजूबाजूला पाहा. नागोठण्याहून रोह्याकडे येतांना गाडीच्या दोन्ही अंगांस भाताचीं खाचरें दिसतात. शहरांतल्या पोराला ‘तांदूळ’ हा एक शब्द येतो आणि तो पिशवींत मिळतो एवढें ठाऊक असतें. आमच्या पोराला रोप निराळें, भात निराळें, तूस निराळें, कोंडा निराळा, कणी निराळी, तांदूळ निराळा आणि पेज निराळी. राब भाजतात तो दिवस त्याला ठाऊक, आवण कधीं उरकली हें ठाऊक, पेंढ्याची उडवी कशी रचतात हें त्यानें वर चढून पाहिलेलें. खारींतल्या आगऱ्याचें पोर समुद्राची भरती आली कीं उघाडी कशी मिटते आणि ओहोटीला कशी उघडते हें आठव्या वर्षीं समजावून सांगतें. तें ऐकून मी मास्तर असून शिकलों आहें. लोहाराकडे भाता, ऐरण, घण, सांडशी. सुताराकडे वाकस, पटाशी, किंकरें, रंधा. चांभाराकडे रांपी आणि आरी. एवढ्या शब्दांचा धनी असलेला मुलगा शाळेच्या उंबऱ्यावर भिकारी ठरतो! तो कसा ठरतो? नाणीं त्याच्याजवळ आहेत. पण येथें हीं चालत नाहींत असें सांगणारा दारांत बसला आहे.

मी ज्या अंकलिपीवर शिकलों तींत ऋ ऋषीचा होता, य यज्ञाचा होता आणि भ भटजीचा होता. हा भाताचा जिल्हा. आणि येथें भ भाताचा नव्हता! भाकरीचा नव्हता, लोहाराच्या भात्याचा नव्हता, पेंढ्याच्या भाऱ्याचा नव्हता. माझ्या बापानें जन्मभर भाताचे भारे वाहिले आणि मी शाळेंत बसून भटजीचा भ गिरविला. आज बाजारांत दुसरे तक्ते मिळतात, त्यांतल्या कांहींवरून भटजीबुवा उठून गेले आणि भोंवरा आला. चांगलें झालें. पण भारा अजून दाराबाहेरच आहे.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें निवेदन दिलें त्यांत हें सर्व पाहून ठेविलें होतें. सरकारचा वसूल रयतेच्या घामांतून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हें त्यांनीं सांगितलें. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचें करा, शेतकीचें ज्ञान त्यांत घाला, आणि मास्तर शेतकरी वर्गांतून तयार करा, असें मागितलें. मास्तर कसा पाहिजे? वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरावयास न लाजणारा. कमिशनापुढें वाकसाचें नांव काढणारा दुसरा कोण विद्वान होता तो कोणीं मला दाखवावा.

आज मास्तर आमच्यांतले झाले. मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. नांगराच्या मुठीची मला लाज नाहीं. पण दोन वर्षें अध्यापक विद्यालयांत घासून आमची जीभ साफ करण्यांत आली, आणि बाहेर पडलों तों हात बापाचा राहिला व जीभ दुसऱ्याची झाली. याचा दाखला देतों, आणि तो माझ्या अपराधाचा आहे.

मी नोकरीस लागून दुसरेंच वर्ष होतें. पहिलींत एक आगऱ्याचा मुलगा होता. आगरी बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ड’चा ‘र’ होतो. घोड्याला घोरा म्हणतात आणि गाडीला गारी. मुलानें हात वर करून विचारलें, ‘गुरुजी, पानी पिऊन येऊं?’ मीं म्हटलें, पाणी म्हण. तो म्हणाला, पानी. मीं म्हटलें, पाणी. तो पुन्हां पानी. वर्ग हंसूं लागला. मींहि हंसलों. सात-आठ वेळां म्हणवून घेतलें, आणि शेवटीं, नीट बोलतां येईल तेव्हां जा, म्हणून खालीं बसविलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें विचारलें नाहीं. तिसऱ्या दिवशींहि नाहीं. माझा समज असा कीं पोर शिस्तीला लागलें. वैशाखाचे दिवस होते. आठवड्यानें त्याची आई मला म्हणाली, ‘गुरुजी, पोर घरीं आला कीं आधीं हंड्यापाशी धावतो, तांब्याव तांब्या पानी पितो. शालंत पानी नाय का?’ शाळेंत पाणी होतें. तें मागावयाचा शब्द मीं काढून घेतला होता.

आज तो मुलगा मोठा झाला आहे, कामधंद्याला आहे. रोह्याच्या बाजारांत भेटला कीं हात जोडतो. मला त्याच्या तोंडाकडे नीट पाहवत नाहीं.

कोणी म्हणेल, मग काय पोरांनीं जन्मभर ‘पानी’च म्हणावें? असें मी म्हणत नाहीं. छापील मराठी प्रत्येक पोराला यावी. अर्ज लिहावा, सातबारा वाचावा, कोर्टाचा कागद समजून घ्यावा. आमच्या या जिल्ह्यांत खोतांच्या कागदावर न वाचतां आंगठा उठविण्याचें काय फळ मिळालें तें म्हाताऱ्यांस विचारा. नारायण नागू पाटलांच्या मागें चरीच्या शेतकऱ्यांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी न कसण्याचा संप चालविला, उपासमार सोसली. खोती कायद्यानें जावयास तरी १९४९ साल उजाडलें. कागद वाचतां येणें ही चैन नव्हे. परंतु ‘पाणी’ शिकविण्यासाठीं ‘पानी’ला मारावें लागत नाहीं. एका हातीं करंगळी राहते आणि मरंगळीहि राहते. मुलाच्या तोंडचा शब्द आधीं घ्यावा, फळ्यावर लिहावा, त्याच्याशेजारीं पुस्तकांतला लिहावा आणि म्हणावें, घरीं हा, पुस्तकांत हा. सहा वर्षांच्या पोराला इतकें सहज कळतें. कळत नाहीं तें आम्हांस.

मराठीचा कैवार घेणारे अलीकडे पुष्कळ झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. १६ एप्रिल २०२५ रोजीं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची करण्याचा शासन निर्णय निघाला, जूनमध्यें तो फिरवून मांडला, आणि लोक खवळलेले पाहून २९ जूनला दोन्ही निर्णय मागें घेण्यांत आले. त्या विरोधांत मीहि होतों. सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषांचें ओझें नको हें मास्तर नाहीं सांगणार तर कोण सांगणार? त्याच्या आदल्या वर्षीं पहिलीच्या पुस्तकांतील एका कवितेंत हिंदी-इंग्रजी शब्द आले म्हणून मोठा गहजब झाला होता. ठीक आहे. पण मी या कैवाऱ्यांस एकच विचारतों. परक्या शब्दानें तुमची मराठी बाटते असें तुम्हांस वाटतें. मग आमच्या पोराचा अस्सल मराठी शब्द तुम्ही अशुद्ध म्हणून खोडतां तेव्हां ती काय पवित्र होते? तुम्हांस वांचवावयाची आहे ती मराठी कोणाची?

आणि ‘अभिजात’ म्हणजे तरी काय? चांगल्या कुळांत जन्मलेली! आतां हिचें कूळ पाहा. अभिजात दर्जासाठीं पुरावा म्हणून जे ग्रंथ पुढें करण्यांत आले त्यांत हाल सातवाहनाच्या नांवावरची गाथासप्तशती आहे. ती संस्कृतांत नाहीं. ती महाराष्ट्री प्राकृतांत आहे, लोकांच्या बोलींत, आणि तींत नांगर हांकणारे आहेत, शेतं राखणाऱ्या पोरी आहेत, गांवच्या बाया आहेत. म्हणजे सर्टिफिकेट काढावयाच्या वेळीं कुणब्याची बोली पुढें, आणि शाळेंत पाट मांडावयाच्या वेळीं तिलाच बाहेर उभी करावयाची! ताटावरून उठवून लावलेल्या आईच्या नांवानें वारसा सांगण्याचाच हा प्रकार.

माझें भांडण जातीच्या माणसाशीं नाहीं, पट्टीशीं आहे. ताराबाई मोडक जन्मानें केळकरांच्या घरच्या. त्यांनीं व अनुताई वाघांनीं १९४५ सालीं बोर्डीस कामास आरंभ केला आणि पुढें कोसबाडच्या डोंगरावर वारल्यांच्या पोरांत जाऊन राहिल्या. पोरें बालवाडींत येईनात तेव्हां त्यांनीं बालवाडी पोरांच्या अंगणांत नेली. दगड, बिया, पानें, शंखशिंपले, जें पोराच्या हातांत आधींच होतें तेंच शिकविण्याचें साधन केलें. जें सत्य तें कोठूनहि घ्यावें. उलट, त्या छापील कागदावर ज्यांनीं काट मारली ते कोणत्या जातीचे होते हें मीं विचारलेंहि नाहीं. ते आमच्यांतलेच निघाले असते तर मला नवल वाटलें नसतें.

कारण आमचेंहि घर निर्मळ नाहीं. पोटाला चिमटा घेऊन पोराला इंग्रजी नर्सरींत घालणारे आईबाप आमच्याच गांवांत आहेत. तेथें पोर लंडनच्या पुलाचें गाणें म्हणतें आणि पावसाला परत जावयास सांगतें. अरे, तुझ्या बापाचें रोप खाचरांत वाळतें आहे, आणि तूं फी भरून पावसाला हांकलतोस? आमच्या गाण्यांत तरी पावसाला बोलावतात. त्याला पैसा देऊं करितात आणि तो पैसा खोटा निघतो, तरी पाऊस येतो तो येतोच. दक्षिणा खरी घेऊन फळ न देणाऱ्यांपेक्षां हा पाऊस किती तरी प्रामाणिक! इंग्रजी शिकूं नये असें नव्हे, अवश्य शिकावें. पण त्या पोराला मनगट शब्द येत नाहीं आणि ‘रिस्ट’हि नीट येत नाहीं, अशी अवस्था मीं डोळ्यांनीं पाहिली आहे. घरीं आजी जिवंत आहे, ती ओटीवर बसून आहे, आणि नातू मोबाइलांतल्या बाहुलीकडून गाणें शिकतो. आजीला कोणी विचारीत नाहीं, कारण ती बाई, त्यांत म्हातारी, त्यांत अंगठेबहाद्दर. भटांनीं आमच्या विद्येला नांवें ठेविलीं म्हणून आम्ही दीडशें वर्षें ओरडतों. आणि आपल्या घरांतल्या बाईच्या विद्येला आम्ही काय किंमत देतों?

याहून कडू गोष्ट सांगावयाची आहे. डोंगराच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे. दिवाळी झाली कीं अर्धी वाडी विटांच्या भट्ट्यांवर जाते, पोरांसकट. पाऊस तोंडावर आला कीं परतते. त्यांची बोली आमच्याहून निराळी. त्यांचें पोर जूनमध्यें वर्गांत येऊन बसतें आणि आम्ही कुणबी, आगरी, मराठे मास्तर त्याच्या शब्दाला हंसतों. जी काट त्या कागदानें आमच्या मरंगळीवर मारली तीच आम्ही त्याच्या जिभेवर मारतों. त्याला झाडांचीं, कंदांचीं, माशांचीं, पांखरांचीं जितकीं नांवें येतात तितकीं माझ्या सगळ्या शाळेला मिळून येत नाहींत. परवां अशाच एका पोरानें बोटांचें गाणें चालू असतां आपल्या वाडींतलीं बोटांचीं नांवें सांगितलीं. मीं तीं फळ्यावर लिहिलीं. वर्ग पहिल्यानें हंसला, मग म्हणूं लागला. तें पोर त्या दिवशीं सुट्टी झाली तरी घरीं जाईना.

जुनें सगळेंच घ्यावें असेंहि नव्हे. कांहीं गाण्यांत जातीजातींची टवाळी आहे, कांहींत काळ्या मुलीला हिणविलेलें आहे, कांहीं पोराला बागुलबुवाची भीति घालून झोंपविण्यापुरतीं आहेत. तीं फेंकून द्यावीं. गाणें ही पोथी नव्हे कीं अक्षर बदललें तर पाप लागेल. आजी तरी कोठें अक्षरशः म्हणते? आमच्याकडे एक, पलीकडच्या पेणेच्या बाजूला दुसरें. जेथें पोरांनीं नवा शब्द घातला तेथें तो राहूं द्यावा. बोटांच्या गाण्याच्या चालीवर माझ्या पोरांनीं नांगराचें गाणें केलें आहे. रुमण्यापासून फाळापर्यंत एकेक भाग धरीत खालीं उतरतात. त्यांतले दोन शब्द मलाच ठाऊक नव्हते, ते एका मुलाच्या आज्याला विचारून आणावे लागले. ट्रॅक्टर आल्यापासून नांगर माळ्यावर पडले. शब्दहि माळ्यावरच पडले होते.

आतां तुम्हीं काय करावें तें सांगतों. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें तुमच्या शाळेला व्यवस्थापन समिति असते. तिचे चार हिश्शांतले तीन हिस्से सभासद आईबाप असावे लागतात आणि निम्म्या बाया. ही समिति म्हणजे झेंडावंदनाला खुर्ची मांडून बसण्याची जागा नव्हे. त्याच कायद्यांत होईल तेथवर मुलाच्या मातृभाषेंतून शिकवावें असेंहि आहे. तेव्हां समितींत तोंड उघडा. भिंतीवरच्या तक्त्यावर काय काढलें आहे तें जाऊन पाहा, आणि तुमच्या धंद्यांतली एकहि वस्तु त्यावर नसेल तर कां नाहीं तें विचारा. पोराच्या नांवापुढें ‘अप्रगत’ लिहिलें असेल तर तें कोणत्या चित्रावरून ठरविलें तें विचारा. पोर घरीं काय काय बोलतें हें मास्तरला ऐकवा. पंधरा दिवसांतून एकदां एका म्हाताऱ्या बाईला शाळेंत बोलावून पोरांत बसवा असा ठराव करा. त्याला एक पैसा खर्च नाहीं. मास्तर कुरकुरेल. त्याला हा अंक दाखवा.

माझ्या शाळेंत गेल्या शनिवारीं त्या कुंभाराच्या मुलीची आजी आली. खुर्ची दिली तर बसेना. पोरांच्या घोळक्यांत खालीं बसली. मीं तिला तो छापील कागद वाचून दाखविला आणि मरंगळीला आतां अनामिका म्हणावयाचें असें आलें आहे म्हणून सांगितलें. ती थोडा वेळ आपल्या बोटाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘गुरुजी, ह्या बोटानंच आमी पनतीची चोच काढतों. त्याला नांव नाय कसा?’ नातीनें लगेच चिखलाचा गोळा घेऊन चोच काढून दाखविली आणि बोट वर धरून ‘मरंगली’ म्हणून ओरडली. मीं तिला दुरुस्त केलें नाहीं.

तो कागद मीं ज्यांनीं दिला त्यांच्याकडे परत धाडला आहे. खालच्या कोऱ्या जागेंत पहिलीच्या तेवीस पोरांकडून ‘मरंगळी’ लिहवून घेतली आहे. आठ जणांनीं ‘मरंगली’ लिहिली आहे, एकानें ‘म’ उलटा काढला आहे. उत्तर आलें तर याच पत्रांतून आपणांस कळवीन.

आपला,
निडीकडील एक शाळामास्तर